पुढच्या वेळी घ्या

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मी बिलं करायला लागले, तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मालकांनी मला काचेच्या खिडकीमागे बसवलं, समोरच्या काउंटरकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "काही अडलं तर यांना विचारायचं." त्या काउंटरमागे एक बुटके, टक्कल पडलेले गृहस्थ गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होते. हुज्जत कशावरून, तर अंगठीएवढ्या एका तांब्याच्या कडीवरून.

"वॉशर घ्या."

"जुना आहे की."

"जुना दाबला गेलेला असतो. पुन्हा नीट बसत नाही. तेल थेंबथेंब गळेल, आणि तुम्ही गावभर सांगाल की दुकानदारानं तेलच पातळ दिलं."

"अहो, पण..."

"पैसे नका देऊ. पण घ्या."

गिऱ्हाइकानं हात जोडले आणि वॉशर घेतला. सगळेच घ्यायचे. म्हणून काउंटरवरच्या त्या गृहस्थांना सगळे वॉशरकाका म्हणायचे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं असायचं.

काकांनी तरुणपणी आठ वर्षं गॅरेजमध्ये हात काळे केले होते आणि मग, मी लागले तोवर, बारा वर्षं हा काउंटर सांभाळला होता. कुठल्या गाडीला कुठला फिल्टर लागतो हे ते पुस्तक न उघडता सांगायचे. स्वतःकडे मात्र गाडी नव्हती. सायकलवरून यायचे, पँटला उजव्या पायाशी चिमटा लावून. घरी काकू आणि ते, दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली.

गॅरेजवाले मिस्त्री माल घाऊक न्यायचे, म्हणून मालकांचा जीव त्यांच्यात. काकांचा जीव शनिवारच्या गिऱ्हाइकांत. शनिवारी दुपारनंतर असे लोक यायचे, ज्यांना रविवारी आपल्या दारात, आपल्या हातानं गाडीचं तेल बदलायचं असायचं. कुणी बँकेतला, कुणी शिक्षक, कुणी नुसताच हौशी. त्यांना बघून काकांची कळी खुलायची. पहिले तीन प्रश्न ठरलेले: "गाडी कुठली? किती चाललीय? आणि तुम्हाला राग लवकर येतो का?"

तिसऱ्या प्रश्नाला लोक दचकायचे. मग काका समजावायचे की जुना फिल्टर घट्ट बसलेला असतो, तो लवकर सुटत नाही, आणि चिडका माणूस हातोडी घेऊन त्याचा चेंदामेंदा करतो. चिडक्या माणसाला ते पट्ट्याचा पाना द्यायचे, शांत माणसाला टोपीसारखा बसणारा.

वस्तू काढून द्यायची त्यांची एक पद्धत होती. जे आधी लागणार ते आधी, काउंटरवर डावीकडून उजवीकडे. आधी चाकामागे लावायच्या पाचरी आणि जॅक. मग रबरी हातमोजे. खालचा बोल्ट सोडवायला सतराचा पाना. जुनं तेल झेलायला पसरट ट्रे, "हा अरुंद नको, तेल सुरुवातीला चूळ टाकल्यासारखं लांब उडतं." मग वॉशर, फिल्टर, नरसाळं आणि सगळ्यात शेवटी नव्या तेलाचा डबा. "असं मांडलं की माणूस इथेच एकदा तेल बदलून घेतो, मनातल्या मनात," ते म्हणायचे. खरंच, गिऱ्हाइकं त्या रांगेकडे बघत मान हलवत उभी राहायची.

त्या रांगेत जॅकच्या शेजारी घोड्यांची एक जोडी असायची. घोडी म्हणजे लोखंडी तिवई. जॅकनं गाडी वर उचलायची, घोडी खाली सरकवायची आणि गाडीचं वजन तिच्यावर टेकवायचं. मगच आपण खाली जायचं. "जॅक उचलतो," काका सांगायचे, "धरून ठेवतात त्या घोड्या."

मी तिथे लागल्याला दहा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. कवळीवाले पहिल्यांदा आले ते गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक छातीशी धरून. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देण्याचा त्यांचा धंदा होता, घरच्याच एका खोलीत. चाळिशीचे, सडपातळ, बोटं लांबसडक आणि नखांत पांढरं प्लास्टर. बायको शाळेत शिकवायची. तिची शाळा बदलली होती आणि दोन बस बदलून जावं लागत होतं, म्हणून त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. रोज सकाळी बायकोला सोडायचं आणि मग येऊन कामाला बसायचं, असा बेत.

"राग येतो का लवकर?" काकांनी विचारलं.

"कवळ्या करतो हो मी. राग आला असता तर लोकांचे दात एव्हाना उलटे बसले असते."

काका जाम खूश झाले. त्या शनिवारी दोघं अर्धा तास फक्त तेलाच्या डब्यांपुढे उभे होते. पुस्तकात काय लिहिलंय, गाडी किती जुनी आहे, थंडीत कुठलं चालेल आणि उन्हाळ्यात कुठलं. शेवटी काहीही न घेता कवळीवाले गेले. पुढच्या शनिवारी आले ते फिल्टर बघायला. तीन कंपन्यांचे तीन फिल्टर हातात घेऊन त्यांनी आतली रबराची कडी बोटानं चाचपली, त्यांच्या कामात चाचपतात तशी. त्याही दिवशी काही घेतलं नाही. मालक माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हा लग्नाची मुलगी बघतोय की काय?"

तिसऱ्या शनिवारी त्यांनी खरेदी केली. दुकानात गर्दी होती. काकांनी नेहमीसारखी रांग मांडली. कवळीवाल्यांनी एकेक वस्तू उचलून पिशवीत टाकली, आणि घोड्यांपाशी हात थांबला.

"या राहू देत. घरी विटा आहेत भरपूर. मागच्या भिंतीच्या उरलेल्या."

"विटांचं काही खरं नसतं," काका म्हणाले.

"अहो काका, घोड्याच घ्यायच्या होत्या तर गाडी कशाला घेतली असती?"

सगळे हसले. मी तर खिडकीमागे इतक्या मोठ्यानं हसले की मालकांनी वळून पाहिलं. काकाही हसले. मागे दोघं जण ब्रेकच्या तेलासाठी खोळंबले होते. काकांनी घोड्या उचलून पुन्हा खाली ठेवल्या आणि म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी घ्या."

हे वाक्य ते दिवसातून वीस वेळा म्हणायचे. गिऱ्हाईक नाराज होऊन जाऊ नये म्हणून म्हणायचं वाक्य.

मंगळवारी सकाळी एक गॅरेजवाला मिस्त्री माल न्यायला आला. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "ऐकलंत का? तो कवळ्या करणारा. रविवारी गाडीखाली गेला."

"गेला म्हणजे?" काकांनी विचारलं.

"गेला म्हणजे गेला. गाडी अंगावर आली. शेजारच्यांनी उचलली, पण उपयोग झाला नाही."

काकांच्या हातात फिल्टरचं खोकं होतं. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "खाली काय लावलं होतं?"

"विटा. एकीचा भुगाच झाला म्हणे."

काकांनी मिस्त्रीला यादीप्रमाणे माल काढून दिला. तासाभरानं मिस्त्री परत आला. सातांपैकी चार फिल्टर चुकीचे होते. बावीस वर्षांत काकांच्या हातून चुकीची वस्तू गेलेली कुणी पाहिली नव्हती. मिस्त्री चिडला नाही, त्यानं नुसता काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि फिल्टर स्वतःच बदलून घेतले.

दुपारी डबा उघडून काका तसेच बसले. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगितलं होतंत त्यांना. मी ऐकलंय."

"एकदा सांगितलं."

"मग?"

"वॉशरसाठी मी पाच पाच वेळा सांगतो." त्यांनी डबा बंद केला. "वॉशर नाही घेतला तर काय होतं? तेल गळतं."

मीही हसले होते, हे मला सांगायचं होतं. तेवढं राहिलंच.

तीनेक आठवड्यांनी एक बाई दुकानात आल्या. साध्या, पाठ ताठ, हातात आमच्या दुकानाचं नाव छापलेली पिशवी. काउंटरवर ती ठेवून म्हणाल्या, "माझ्या यजमानांनी हे इथून नेलं होतं. आमची गाडी दारातच उभी आहे. भाऊ म्हणतो तिच्यात तेल नाही, तशीच चालू केली तर इंजिन जाईल. मला ती दारातून हलवायची आहे. यातलं काय कुठे घालायचं, कुणी सांगेल का?"

पिशवीत तेलाचा डबा होता, सील न तोडलेला. फिल्टर खोक्यातच होता. वॉशर एका छोट्या कागदात गुंडाळलेला, त्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: 'विसरू नये'.

काकांनी तो कागद वाचला. म्हणाले, "सांगून व्हायचं नाही ते. मी येतो उद्या सकाळी. रविवारच आहे."

बाई गेल्यावर ते माझ्या खिडकीशी आले. "तू येशील का बरोबर? घरात बायामाणसंच असतील." मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

घर एका गल्लीच्या टोकाला होतं. पुढे फरशी घातलेलं लहानसं अंगण आणि त्यात ती गाडी, राखाडी रंगाची, चारी चाकांवर उभी. चाकाजवळ फरशीवर लाल डाग होता. मी एकदम मागे सरले, मग लक्षात आलं, विटेची भुकटी होती. कुणीतरी झाडली होती, पण फरशीच्या सांध्यांमध्ये ती राहिली होती. जुन्या तेलाचा ट्रे भिंतीशी ठेवून त्यावर पत्रा झाकला होता.

काकांनी सायकलला बांधून दोन घोड्या आणल्या होत्या. दुकानातल्या नव्हे, आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दुकानातून विकत घेतलेल्या. त्यांनी चाकांमागे पाचरी लावल्या, हँडब्रेक पाहिला, जॅक लावला, घोड्या सरकवल्या. मग गाडीला दोन्ही हातांनी जोरजोरात हलवून पाहिलं. पुन्हा एकदा हलवलं. तिसऱ्यांदा हलवलं. खाली जायच्या आधी ते बराच वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. वर दारात बाई उभ्या होत्या. काका खाली वाकले तशा त्या झटकन आत गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग गेले. पहिलीच खोली कवळ्यांची होती. लांब टेबल, बारीक चिमटे, ब्रश, छोटासा दिवा, आणि फळीवर प्लास्टरचे साचे. अनोळखी माणसांचे कितीतरी जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. टेबलावर एक मेणाची कवळी अर्धवट होती, वरचे दात लावलेले आणि खालचे नाहीत. खुर्चीत बाईंच्या सासूबाई बसल्या होत्या. गाल आत गेलेले.

"ती माझीच," त्या म्हणाल्या. तोंडात दात नसल्यानं शब्द ओले होत होते. "लोकांची आधी करायचा. म्हणायचा, आई, तू घरचीच आहेस. तुझी काय घाई?"

बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला बसायला सांगितलं. बाहेर पान्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबला की बाईंचा श्वास अडकायचा, पुन्हा सुरू झाला की सुटायचा.

काम झालं. काकांनी गाडी खाली घेतली, तेल भरलं, तेलाची पातळी दाखवणारी मोजपट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. कुठे काही बिघडलंच नव्हतं तिचं. सासूबाई आतून तो आवाज ऐकून रडायला लागल्या.

काकांनी अंगणातल्या नळावर हात धुतले. बाईंनी टॉवेल दिला. हात पुसता पुसताच ते म्हणाले, "ताई, एक सांगायचंय. हे सगळं सामान मीच दिलं होतं त्यांना. घोड्या काढून ठेवल्या होत्या. ते म्हणाले विटा आहेत. मला माहीत होतं विटांवर गाडी ठेवायची नसते. चांगलं माहीत होतं. मी म्हणालो, पुढच्या वेळी घ्या."

बाईंनी टॉवेल परत घेतला. त्याची घडी केली. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, "हे तुम्ही मला का सांगितलंत?"

"तुम्हाला कळायला हवं म्हणून."

"इतके दिवस मला वाटत होतं, विटांचं हे त्यांना काय, कुणालाच माहीत नव्हतं. चुकून झालं." त्या थांबल्या. "तुम्ही सांगून मोकळे झालात. मी हे आता कुठे ठेवू?"

काका उभेच राहिले. बाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावून घेतलं. परत येताना काकांनी सायकल हातात धरून चालवली, तीन मैल. मी शेजारून चालत होते. एका जागी ते थांबले आणि म्हणाले, "ती बरोबर बोलली."

त्या दिवसापासून दुकानातले काका बदलले. तेल न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, गाडी कशावर ठेवणार? उत्तर पटलं नाही तर तेल द्यायचेच नाहीत. एका माणसानं वायपर मागितला तर त्यालाही विचारलं. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, वायपर बदलायला कोण गाडीखाली जातं हो?" दुकानात हशा झाला. काका हसले नाहीत. हसणाऱ्यांकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की ते गप्प झाले.

मग त्यांनी आपल्या पगारातून घोड्यांच्या चार जोड्या घेऊन काउंटरखाली ठेवल्या. ज्याला विकत घ्यायच्या नसतील त्यानं न्याव्यात, वापराव्यात, सोमवारी आणून द्याव्यात. दोन जोड्या परत आल्याच नाहीत. मी म्हटलं, फोन करून मागू का? तर म्हणाले, "कशाला? कुणाच्या तरी गाडीखाली आहेत ना, मग झालं."

मालक वाईट नव्हते. पण शनिवारची गिऱ्हाइकं हळूहळू पलीकडच्या चौकातल्या दुकानात जायला लागली. तिथे कुणी उलटतपासणी घेत नव्हतं. दीडेक वर्षानं मालकांनी काकांना बोलावून चहा पाजला आणि वरच्या मजल्यावरच्या गोदामात बसायला सांगितलं. माल मोजायचा, फळ्या लावायच्या, पगार तोच. काकांनी काहीच विरोध केला नाही. उलट जरा सुटल्यासारखे दिसले. काउंटरवर मालकांचा भाचा आला. तो विचारायचा, "आणखी काही?" आणि लोक म्हणायचे, "नाही."

गोदामातून काका क्वचितच खाली यायचे. पण काउंटरवर असतानाच सुरू झालेली एक गोष्ट चालू राहिली: दर सहा महिन्यांनी एकदा, शनिवारी, ते त्याच एका गाडीचा फिल्टर, तेलाचा डबा आणि वॉशर घेऊन माझ्या खिडकीशी उभे राहायचे. मी बिल करायचे. कुणाच्या गाडीला, हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आहे एक गाडी." फिल्टरचा नंबर मला पाठ झाला होता. मी पुन्हा विचारलं नाही.

असं एकूण चार वर्षं चाललं. मग एका दुपारी जेवून आडवे झालेले काका उठलेच नाहीत. काकू म्हणाल्या, झोपेत एकदा खोल श्वास घेतला, बस.

मी भेटायला गेले तेव्हा काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. फार रडून झालं होतं. म्हणाल्या, "मला रोज म्हणायचे, तो माणूस माझ्यामुळे गेला. मी म्हणायचे, विटेमुळे गेला. ते म्हणायचे, विटेला काय कळतंय, मला कळत होतं. एवढी वर्षं हेच आमचं भांडण. दुसरं भांडणच नाही."

मग त्यांनी दारामागून एक पिशवी काढून दिली. "येत्या रविवारी जाणार होते तिकडे, त्या गाडीचं तेल बदलायला. सामान आणून ठेवलंय. मला घर माहीत नाही. तुला माहीत आहे ना?"

मी रविवारी गेले. बाईंचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. गाडी अंगणातच होती, त्याच जागी. तेव्हा दारातून हलवायची म्हणत होत्या, पण ती विकली गेली नव्हती. झाल्या प्रकाराची गोष्ट ऐकून दोन गिऱ्हाइकं माघारी गेली, आणि शाळा तर दोन बसच्या अंतरावर होती. शेवटी बाईच भावाकडून गाडी शिकल्या. ज्या गाडीनं हे केलं तिच्यातच बसून रोज जायचं. पहिला महिनाभर शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर पाच मिनिटं आतच बसून राहायच्या, म्हणाल्या.

मी काकांचं सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या.

"मी आज किल्ली ठेवली होती," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. गजांच्या आत, कट्ट्यावर गाडीची किल्ली होती.

"मी त्यांना नको ते बोलले होते, तुम्ही होतातच. सहा महिन्यांनी ते फाटकापाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. म्हणाले, तेलाची वेळ झाली. मी काही बोलले नाही, नुसती किल्ली दिली. काम करून गेले. पुन्हा सहा महिन्यांनी आले. मग मी त्या महिन्यातल्या दर रविवारी किल्ली तिथे ठेवायला लागले. ते घ्यायचे, काम करायचे, परत ठेवायचे आणि जायचे. चार वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही."

सासूबाईंची खुर्ची रिकामी होती. त्या वर्षभरापूर्वी गेल्या, हे मला नंतर कळलं. कवळ्यांच्या टेबलावर आता मुलांच्या वह्यांचे गठ्ठे होते.

"पण ते खाली गेले की मी इथे खिडकीत येऊन उभी राहायचे," बाई म्हणाल्या. "पडद्यामागे. ते बाहेर निघेपर्यंत. गॅसवर काही असलं तर बंद करून यायचे. आधी त्यांचे पाय दिसायचे, मग कंबर, मग डोकं बाहेर आलं की मला बसावंसं वाटायचं. दर वेळी. आत एकदाही बोलावलं नाही मी त्यांना. घोटभर पाणी विचारलं नाही."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांना माहीत असेल का हो, मी खिडकीत असायचे ते? तुमच्याजवळ कधी काही बोलले का?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांनाही ते हवं होतं, असं मला वाटलं. पण त्या घरात एकदा खरं बोलून काय झालं आणि एकदा न बोलून काय झालं, हे दोन्ही मी पाहिलं होतं, आणि मला काहीच ठरवता येईना. शेवटी मी म्हटलं, "ते तुमच्याबद्दल कुणाशीच काही बोलायचे नाहीत."

त्यांनी मान हलवली. पिशवी माझ्या हातातून घेतली, आत नेऊन ठेवली आणि बाहेर आल्या. "गॅरेज कुठलं बरं?" त्यांनी विचारलं. "मी आजवर ही कधी कुठल्या गॅरेजमध्ये नेलीच नाही."

मी एका ओळखीच्या मिस्त्रीचा पत्ता सांगितला. त्यांनी किल्ली घेतली, मला म्हणाल्या, "चला, वाटेत सोडते तुम्हाला." मी पुढच्या सीटवर बसले. गाडी त्यांनी फार सांभाळून फाटकाबाहेर काढली. गल्ली संपेपर्यंत त्या रडत होत्या, आणि गल्लीच्या तोंडाशी थांबून, डोळे पुसून, दोन्हीकडे बघून मग मोठ्या रस्त्याला लागल्या.